राजाचा डावा डोळा

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मंडळीचे मालक आख्यान सांगतात, कामं वाटून देतात आणि तोंड रंगवता रंगवता ज्याने त्याने आपलं बोलणं मनाशी जुळवायचं. मी पखवाजाला असतो. कोण कुठे अडलाय ते मला लगेच कळतं.

कुडाळकडच्या एका जत्रेतली गोष्ट. त्या मोसमात आमच्याकडे एक राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा नट, नवा आला होता. उंचापुरा, आवाज खणखणीत, पण टपरीवर चहाला बसला की तोंडाला बांध नाही. गोव्यात आपल्या युद्धनृत्यावर नोटांचा पाऊस पडला, आपण उभे राहिलो की बायका पदर डोळ्यांना लावतात, आणखी काय काय. त्या दुपारी गावचे मानकरी शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "मयूरध्वज केलंस कधी?"

"कितीदा! डोळे झाकून करतंय."

म्हातारा हरखला. मालकांकडे येऊन त्याने तेच आख्यान मागितलं. मालकांनी याला बाजूला घेतलं, "कथा सांगू काय रे?" हा म्हणतो, "माका काय सांगतास, मालकांनू!"

पालखीची प्रदक्षिणा झाली, आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, झाला, आख्यान उभं राहिलं. युद्धापर्यंत त्याने मैदान मारलं. नाच खरंच देखणा होता. मग कृष्ण ब्राह्मणाच्या वेषात आला: माझा मुलगा सिंहाने धरलाय, राजाचं उजवं अर्धं अंग मिळालं तरच सोडीन म्हणतो. राजा बाकड्यावर बसला, राणी आणि राजपुत्र ताम्रध्वज करवत धरून उभे. राजाच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं आणि ब्राह्मण म्हणतो, रडत दिलेलं दान मला नको. सगळं आख्यान या क्षणासाठी असतं. राजाने सांगायचं असतं की उजवं अंग सत्कारणी लागलं, डावं वाया जाणार, म्हणून तो डोळा रडतोय.

आमचा राजा म्हणाला, "विप्रवर, वेदना असह्य होत आहेत!"

"अरे, दान बुडवलंस!" मानकरी खुर्चीतून उठलेच. लोकांत कुजबुज सुरू झाली. कृष्ण गडबडला, कारण हे उत्तर ऐकल्यावर त्याला निघून जाणंच भाग होतं. मी एक तुकडा वाजवून वेळ काढला, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. राजाच्या कपाळावरचा रंग घामाने नाकावर ओघळला होता.

तेवढ्यात राणी, म्हणजे बायकांची कामं करणारा आमचा जुना स्त्रीपार्टी, करवतीवरचा हात न काढता म्हणाली, "विप्रवर, स्वामी माझी परीक्षा पाहत आहेत. वेदनेने रडले असते तर उजवा डोळाही भरला असता. तो कोरडा आहे. डावा रडतो, कारण त्या अर्ध्या देहाला तुमच्या कामी येता आलं नाही."

बायकांनी खरोखर पदर डोळ्यांना लावले. माझेही हात क्षणभर पखवाजावर थांबले. हा माणूस टपरीवर कधी चार शब्द बोलत नाही, पण मालक कथा सांगायला लागले की सगळ्यात पुढे बसतो, शंभरदा ऐकलेली असली तरी. मी नट म्हणतो तो अशाला.

सकाळी दहीकाला झाल्यावर मानकऱ्यांनी बक्षिसाचं पाकीट थेट त्याच्या हातात दिलं. पुढल्या वर्षी हेच आख्यान करा, पण राजा दुसरा आणा, असं मालकांना बजावलं. उरलेला मोसम नव्या राजपार्टीला ऋषीची कामं मिळाली. राजाचा मुकुट परत चढला तो मोसमाच्या शेवटाला, तोही मालकांपुढे आधी सबंध कथा सांगून दाखवल्यावर.