तुरटीचा थर इस्त्रीखाली पिवळा पडला

जुन्या बॅले स्कर्टांच्या अर्ध्या मापाच्या प्रतिकृती शिवतेय: 1832, 1862 आणि 1895चा. 1832चा स्कर्ट मागच्या वेळी पुरा झाला आणि अर्ध्या मापाच्या पुतळ्यावर तो मस्त बसलाय. कंबरेला बारीक चुण्या, घेर पोटरीच्या मध्यापर्यंत. पंखा लावला की वरचा थर आधी हलतो आणि खालचे थर जरा मागून येतात. ‘ला सिल्फीद’ या बॅलेत नाचणाऱ्या मारी ताल्योनीचा स्कर्ट असाच मागे रेंगाळत असणार, हे माझं मत आता पक्कं झालंय. पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे 1822 मध्ये आले. त्या उजेडात पांढरं विरळ कापड कसं दिसत असेल, ते पिवळ्या बल्बसमोर धरून बघा. धागे दिसेनासे होतात, नुसता उजेड उरतो.

यानंतर 1862चा स्कर्ट, म्हणजे अग्निरोधक केलेला. तिथेच सगळं अडलंय.

आधी कापडाबद्दल. ‘शुद्ध सुती टार्लटन’ (खळ दिलेलं विरळ कापड) म्हणून जो तागा आला, त्याच्या कडेचा धागा चिमट्यात धरून पेटवला. तो वितळून आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी धरला. म्हणजे भेसळ पॉलिएस्टरची. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरली की मऊ राख होते. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण महिना गेला. आता वापरतेय ते छपाईच्या पत्र्यावरची शाई पुसण्यासाठी मिळणारं टार्लटन. त्यातली मूळ खळ दोनदा कोमट पाण्यात धुऊन काढली की छान मोकळं होतं. नायलॉन नेट कुणीही सुचवू नका. त्याला स्वतःची उसळी असते, चुण्यांचं ते ऐकत नाही, आणि चमकतं ते वेगळंच.

आता तुरटी. 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात नर्तकी क्लारा वेब्स्टरचा स्कर्ट पेटला आणि ती गेली. पुढे 1859 मध्ये फ्रान्समध्ये फर्मान निघालं की रंगमंचावरचे कपडे कार्तेरों या संशोधकाच्या पद्धतीने, तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात बुडवूनच वापरायचे. नर्तकींना ते नको होतं. कापड कडक होतं, मळकट दिसतं, ही तक्रार. पॅरिस ऑपेराची नर्तकी एमा लिव्रीने तर 1860 मध्ये संचालकांना लिहूनच दिलं की पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्याच स्कर्टात नाचणार, काही झालं तर जबाबदारी माझी. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीत गॅसच्या ज्योतीने तिचा स्कर्ट पेटला. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 ला ती वारली, अवघ्या विसाव्या वर्षी. हट्टी म्हणून तिच्याबद्दल लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. त्या कापडाला हात लावल्यावर जास्तच.

तुरटीच्या दाट द्रावणात बुडवलेली पट्टी गच्चीवर लोखंडी परातीत, शेजारी पाण्याची बादली ठेवून पेटवून पाहिली. ज्योत धरलेली असेपर्यंत काळी पडत गेली, ज्योत काढली की जागच्या जागी विझली. साधी पट्टी मात्र भुर्रकन संपली. इथवर आनंदीआनंद होता. मग त्याच कापडाचे थर शिवून पुतळ्यावर चढवले. थर एकमेकांना धरून बसले, पंख्यापुढे सगळे एकदम हलले, मागून येणं संपलं. पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत घेर खाली बसला. इस्त्री फिरवली तर सुती कापडाच्या तापमानालाच पिवळे पट्टे उमटले. तुरटी आम्लधर्मी, उष्णतेने सूत जाळते. नंतर त्या पट्ट्यांवर धागा नखाने तुटतो.

द्रावण पातळ केलं की घेर सुधारतो, पण आग थांबत नाही. दाट केलं की उलट. मधलं प्रमाण शोधत बसलेय आणि या कापडावर ते सापडत नाही. टाकणखार आणि बोरिक पावडर एकत्र करून पाहिली. पिवळेपणा गेला, ज्योतही विझते, पण वाळल्यावर चुण्यांच्या घडीतून पांढरी भुकटी झडते, तीही नेमकी कंबरेपाशी, जिथे सगळ्यात जास्त दुमड आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाकने 1821 मध्येच टाकणखार अमोनियम फॉस्फेटबरोबर वापरला होता, आणि मिश्रण एकट्या क्षारापेक्षा बरं, हे त्याचं म्हणणं माझ्या परातीतही खरं ठरलं.

पुढचा उपाय व्हर्समान आणि ओपेनहाइम या रसायनशास्त्रज्ञांचा. या दोघांनी लंडनमध्ये 1859 मध्ये मलमलीवर निरनिराळे क्षार तपासले आणि इस्त्री करायच्या कपड्यांसाठी सोडियम टंगस्टेट सुचवलं. माझी अडचण इस्त्रीचीच आहे, त्यामुळे आता तेच.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. जो कडकपणा 1862च्या स्कर्टला मारतो, तो 1895च्या स्कर्टला हवाच आहे! 1885 मध्ये नर्तकी व्हर्जिनिया झुक्कीने पीटर्सबर्गमध्ये तिथल्या रिवाजापेक्षा आखूड स्कर्टचा आग्रह धरला. 1895च्या ‘स्वान लेक’ बॅलेत पिएरिना लेन्यानी 32 फुएते (एका पायावरच्या गिरक्या) घेते, तेव्हा प्रेक्षकाला पाय दिसायला हवेत. तिचे फोटो नीट बघा. ताटासारखा आडवा टुटू (बॅलेचा आखूड स्कर्ट) त्यात नाहीच, गुडघ्यापर्यंत उतरत जाणारा दाट, आखूड थरांचा घेर आहे. आडवी चकती आणि तिची तार विसाव्या शतकातली. तेव्हा बोरिकवाले थर उसवून, आखूड कापून, तांदळाच्या खळीत पुन्हा बुडवते. खळीत टाकणखार घालायची रीत जुनीच आहे, त्याने इस्त्रीला चकाकी येते. खळ भुकटीला धरून ठेवते का, तेही कळेल. म्हणजे 1895चा आधी, 1862चा टंगस्टेट हाती आल्यावर.

टंगस्टेट पन्नास-शंभर ग्रॅम देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. रसायनांचे दुकानदार अर्ध्या किलोच्या खाली बोलत नाहीत.