सिक्सजीची टेस्ट आणि एक टेबल फॅन

औंधच्या आयटीआयमधून वर्षाचा वेल्डर ट्रेड केला आणि भोसरी एमआयडीसीत एका शेडमध्ये लागलो. चार वर्षं चॅनेल-अँगल जोडले. शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या प्लांटच्या कामाला जाणारी पोरं दोन महिन्यांत आमचं सहा महिन्यांचं कमावून यायची. विचारलं की एकच उत्तर, "सिक्सजी काढ."

सिक्सजी म्हणजे वेल्डिंगची एक टेस्ट, पाइप ४५ अंशांत तिरपा बांधलेला. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे पोटाखाली सुरुवात करून दोन्ही बाजूंनी वर चढायचं. रूट, म्हणजे सांध्याचा अगदी आतला पहिला थर, टिगने (आरगॉन गॅसच्या आडोशात होणारं वेल्डिंग), वरचे थर ७०१८ नंबरच्या रॉडने. मग एक्स-रे.

टेस्ट चाकणला एका ठेकेदाराकडे होती. मे महिना, वर पत्रा. मी शहाणपणा करून कोपऱ्यातला टेबल फॅन स्वतःकडे वळवून घेतला. रूट दिसायला झकास पडला. फिल्मवर मात्र खालच्या बाजूला काळे ठिपके. वाऱ्याने आरगॉन उडाला होता, दुसरं काही नाही. नापास!

पुढचे तीन आठवडे शिफ्ट संपली की शेडमधल्या मामांसमोर बसायचो. ते पाठीवर झोपवून फक्त खालचा भाग मारायला लावायचे. "वरचा कुणालाही येतो," म्हणायचे. वेल्ड निवताना आकसतो आणि दोन पाइपांमधला गॅप मिटत जातो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. टाके मारताना, म्हणजे पाइप आधी तात्पुरते जोडताना, मामा ३.२ मिमीची फिलर वायर वाकवून मध्ये अडकवायचे आणि शेवटचा टाका पडला की ओढून काढायचे. दुसऱ्यांदा टेस्टला गेलो तेव्हा फॅनची वायरच काढून ठेवली. पास झालो, स्टॅम्प नंबर, म्हणजे वेल्डर म्हणून माझा ओळख नंबर, मिळाला.

बाकी कागद. पोलिस व्हेरिफिकेशन, मेडिकल, बँकेचं पासबुक, फोटो. फोटो जास्तच काढून ठेवा, प्रत्येक गेटवर लागतात.

पहिलं काम ओडिशात लागलं. पुणे स्टेशनवरून कोणार्क एक्सप्रेस, दोन रात्री. आईने दशम्या बांधल्या होत्या, त्या सोलापूरच्या अलीकडेच संपल्या. साइटवर पोचलो तर सेफ्टीवाल्याने आधी वर्गात बसवलं आणि फोरमन म्हणाला, "उद्या टेस्ट." माझा कागद पुढे केला. त्याने बघितलासुद्धा नाही. नवी कंपनी, नवी टेस्ट. हे सगळीकडे असंच.

तेव्हापासून गुजरात, केरळ, आंध्र झालं. मागच्या वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी सात महिने घरी होतो. एखाद्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंग केलं नाही की तिचं क्वालिफिकेशन जातं. माझी टिग आणि रॉड, दोन्ही गेली. गणपती झाल्यावर मामांकडे गेलो, तर त्यांनी न बोलता पाइप तिरपा बांधला आणि खाली पोतं अंथरलं.