सिरिंज पंपाचे डिझाइन बाहेर देताना

चिंचवडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बरीच वर्षे काढल्यावर मी एका भूलतज्ज्ञ मित्राबरोबर सिरिंज पंप बाजारात आणण्याचे काम हाती घेतले. अतिदक्षता विभागात ताशी एखाद-दोन मिलिलिटर इतक्या संथ गतीने औषध देणारे हे यंत्र. इलेक्ट्रॉनिक्स, फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) आणि मोल्ड (प्लॅस्टिकचा साचा) या तिन्हींसाठी स्वतःची माणसे नेमणे आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून सर्किट आणि फर्मवेअर हिंजवडीच्या एका डिझाइन कंपनीला व बाह्यकवचाचा मोल्ड भोसरीच्या एका टूलरूमला दिला.

काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या आयएसओ १३४८५ या मानकाच्या ४.१.५ या कलमातच लिहिलेले आहे. बाहेर दिलेल्या प्रत्येक प्रक्रियेवर जोखमीच्या प्रमाणात नियंत्रण ठेवावे आणि लेखी गुणवत्ता करार करावा, असे ते सांगते. व्यवहारात पहिला करार खरेदी विभागाच्या साच्यातला असतो, म्हणजे इतके प्रोटोटाइप, इतकी रक्कम, अमुक तारखेला. आम्ही हप्ते कागदपत्रांशी बांधले. सर्किट बोर्ड बनवण्यासाठी लागणाऱ्या आराखड्याच्या गर्बर फाइल, सोर्स कोड, आवश्यकता आणि चाचण्या यांची सांगड घालणारा तक्ता आणि वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ या मानकानुसार सॉफ्टवेअरच्या नोंदी हाती आल्याशिवाय पुढचा हप्ता देय होणार नाही, अशी अट घातली. त्यावर डिझाइन कंपनीने किंमत वाढवून मागितली आणि माझ्या मते ती वाढ रास्त होती, कारण त्या कागदांमागे खरोखरच तेवढे काम असते.

जोखीम विश्लेषण मात्र आम्ही स्वतःकडेच ठेवले. वाहनउद्योगातल्या माणसाला एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम तपासण्याची पद्धत, तोंडपाठ असतो, पण एफएमईए सुरू होतो तो काहीतरी बिघडल्यापासून. वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीविषयीच्या आयएसओ १४९७१ या मानकाची अपेक्षा अशी, की यंत्र अगदी नीट चालू असतानाही होऊ शकणारी इजा विचारात घ्यावी. सिरिंज पंपात याचे उदाहरण डोळ्यांसमोरच होते. पंप दट्ट्या किती सरकला यावरून औषधाचे प्रमाण काढतो, आणि त्यासाठी सिरिंजचा आतला व्यास माहीत असावा लागतो. ५० मिलिलिटरच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजांचा व्यास सारखा असतोच असे नाही. परिचारिकेने यादीतून चुकीचा ब्रँड निवडला तर मोटर, सेन्सर, फर्मवेअर सगळे बिनचूक चालूनही रुग्णाला कमी-जास्त औषध जाते. मित्राच्या रुग्णालयात आम्ही एका अनुभवी सिस्टरांना पंप लावून पाहायला दिला. हातमोजे घातलेल्या बोटांनी त्यांनी यादी न वाचता वरचेच नाव दाबले, कारण त्यांच्या वॉर्डात नेहमी तीच सिरिंज येत असे. त्यानंतर यादीचा क्रम, निवडीची दुसऱ्यांदा खात्री आणि नावाचा अक्षर-आकार या तिन्ही गोष्टी बदलल्या. हे निरीक्षण हिंजवडीतल्या अभियंत्याला कुठल्याही तपशीलपत्रकातून कळले नसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

नळी अडल्यावर वाजणाऱ्या अलार्मच्या बाबतीतही असेच झाले. दाबाची मर्यादा वर ठेवली तर अलार्म उशिरा वाजतो आणि तोवर नळीत दाबाखाली साठलेले औषध अडथळा निघताच एकदम शिरेत जाते. खाली ठेवली तर रुग्णाने हात दुमडला तरी अलार्म वाजतो आणि कर्मचारी तो बंद करायला शिकतात. हा निर्णय भूलतज्ज्ञानेच घ्यायला हवा होता, आणि त्याने तो कारणांसह लिहून सही केली.

नियमांचा भाग लांबलचक असला तरी सरळ आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीनुसार केलेल्या ए ते डी या वर्गांपैकी आमचा पंप सी वर्गात मोडतो, त्यामुळे परवाना राज्याकडे नव्हे तर केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडे मागावा लागतो. चाचणीसाठी नग बनवण्याची परवानगी आधी एमडी-१३ या नमुन्यावर मिळते, विक्रीसाठीच्या उत्पादनाचा अर्ज एमडी-७ वर होतो आणि परवाना एमडी-९ वर येतो. सी आणि डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून हा परवाना सक्तीचा आहे. अर्जात काय जोडावे याची चर्चा करायला पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरसारखे, नवउद्योगांना मदत करणारे ठिकाण पुण्यात आहे, ही सोय लहान शहरांतल्या उद्योजकांना नाही.

खरा ताण आला तो विद्युतचुंबकीय चाचणीत, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी इतर उपकरणांना त्रास देत नाहीत ना हेही पाहणाऱ्या चाचणीत. चिपटंचाईच्या काळात सर्किट जोडणाऱ्या पुरवठादाराने वीजपुरवठ्याचा एक भाग समतुल्य समजून परस्पर बदलला आणि आयईसी ६०६०१-१-२ या मानकानुसारच्या त्या चाचणीत या लहरींचे उत्सर्जन मर्यादेबाहेर गेले. प्रोटोटाइप तर पास झाला होता! वाहनउद्योगात असा बदल कळवल्याशिवाय होत नाही, हे आम्ही गृहीत धरले होते. वैद्यकीय उपकरणांच्या छोट्या मागणीला पुरवठादार तेवढे महत्त्व देईलच असे नाही. तेव्हापासून घटकांच्या यादीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागापुढे निर्मात्याचे नाव आणि भाग क्रमांक लिहून 'लेखी मंजुरीशिवाय बदल नाही' ही अट खरेदी आदेशावरच छापली जाते.

परवान्यानंतरही तक्रारी येतात, फर्मवेअर सुधारावे लागते, आणि ज्याने कोड लिहिला तो अभियंता तोवर दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. म्हणून पुढच्या पंपाचा करार करताना डिझाइन कंपनीने देखभालीचा वार्षिक दर वेगळा सांगितला, आम्ही तो मान्य केला, आणि कोड त्यांच्या नव्हे तर आमच्या सर्व्हरवर दर आठवड्याला जमा होईल असे त्यात लिहून घेतले.