तरसांच्या वेशीतून आत : कादंबरीची सातव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी पहिला खर्डा 41,000 शब्दांवर होता. आज तो 26,500 वर आहे. एवढे शब्द का काढले ते सविस्तर सांगते. रूप पालटणाऱ्यांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण याच जागी घसरतो, असं मला आता वाटतं.

पहिल्या खर्ड्यात नायक देस्ता हा इथिओपियातल्या गोंदारकडचा लोहार होता आणि रात्री तो तरस व्हायचा. तिथल्या डोंगराळ मुलखात 'बुडा' नावाची जुनी समजूत आहे. लोहार, कुंभार, विणकर यांची नजर बाधते आणि रात्री ते तरसाचं रूप घेतात, असं मानलं जायचं. मला वाटलं, आयता नायक मिळाला. मग वाचत गेले तसं उमगलं, की ही गोष्ट लोहारांनी स्वतःबद्दल सांगितलेली नाही. जमीन कसणाऱ्यांनी ती लोहारांबद्दल सांगितलेली आहे. त्यांना गावाबाहेर ठेवायचं, जमिनीची मालकी द्यायची नाही, सोयरीक करायची नाही, हे सगळं तिच्या आडून चालायचं. बेटा इस्राएल या ज्यू समाजात लोहार आणि कुंभार बरेच, म्हणून त्यांच्यावरही हाच आळ. माझ्या कथेत देस्ता खरोखरच तरस निघाला, तर मी गावकऱ्यांच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं झालं असतं. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्यापुढे असा नायक ठेवायला माझं मन धजेना.

म्हणून देस्ता आता निव्वळ माणूस आहे. तरस आहे ती नायिका, हलीमा.

हा बदल केल्यावर प्राणीशास्त्रच मदतीला धावून आलं. आपल्याकडचं पट्टेरी तरस डोळ्यांसमोर आणू नका, हे ठिपकेदार तरस आहे. यांच्या कळपात राज्य माद्यांचं असतं. मादी नरापेक्षा थोराड असते आणि आईचा मान लेकीकडे येतो. नर वयात आला की बहुधा जन्माचा कळप सोडतो आणि परक्या कळपात सगळ्यांत खालच्या पायरीवर उभा राहतो. मादीजवळ येताना तो मुस्कट जमिनीपर्यंत झुकवतो, दोन पावलं पुढे येतो, पुन्हा झुकतो, बिचकून मागे सरतो. मादीच्या शरीराची ठेवणच अशी असते की तिच्या मर्जीवाचून मीलन होत नाही. मूळ खर्ड्यातला गुरगुरणारा, मनगट धरून ओढणारा नायक यापुढे टिकेचना. नववं प्रकरण पूर्ण नव्याने लिहिलं. देस्ता तिच्या दारात येतो, मान खाली घालतो, सांडशी उंबऱ्यावर ठेवतो आणि परत जातो. सलग चार रात्री. आतापर्यंत लिहिलेल्यात हे प्रकरण मला सगळ्यांत जवळचं आहे.

जागाही बदलली. कथा आता हरारमध्ये घडते, पूर्व इथिओपियातल्या तटबंदीच्या मुस्लिम शहरात. या तटाला जुगोल म्हणतात आणि त्याला पाच जुन्या वेशी आहेत. शिवाय भिंतीत खालच्या बाजूला भोकं आहेत, तरसांना रात्री आत येता यावं म्हणून. ती गल्ल्यांमधली घाण साफ करतात आणि जिनांनाही खाऊन टाकतात, अशी तिथली श्रद्धा. म्हणजे उत्तरेत ज्या प्राण्याच्या नावाने माणूस हाकलला जातो, त्या प्राण्यासाठी इथे भिंतीत वाट ठेवलेली. कादंबरी या एका वाक्यावर उभी आहे. एका वेशीला अम्हारिक भाषेत 'बुडा बेर' म्हणतात. देस्ता त्याच वेशीतून आत येतो. मात्र या दोन समजुती एकत्र कालवू नका. बुडाची भीती उत्तरेतल्या ख्रिस्ती डोंगराळ मुलखात मुरलेली आहे, आणि हरारींचं तरसांशी नातं वेगळ्याच मातीतलं.

काळ ठरवायला वेळ लागला नाही. शेवा प्रांताचा राजा मेनेलिक याने 1887 मध्ये हरार जिंकलं, त्यानंतर उत्तरेकडची माणसं तिथे येऊ लागली. 1888 ते 1892 हा तिथला महादुष्काळ, 'किफू केन', म्हणजे वाईट दिवस. त्याच्या मुळाशी होती बुळकांडी, गुरांची जीवघेणी साथ. इटालियन सैन्यासाठी मासावा बंदरात उतरवलेल्या गुरांबरोबर ती आली आणि ती गुरं भारतातून आणलेली होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. हे वाचलं त्या रात्री मी काहीच लिहू शकले नाही. बैल मेले की नांगर थांबतो, नांगर थांबला की फाळाला गिऱ्हाईक नाही, भाता थंड, आणि रिकाम्या लोहाराकडे गाव संशयाने बघू लागतं. देस्ताला गाव का सोडावं लागलं, याचं पहिल्या खर्ड्यात नसलेलं कारण इथे मिळालं.

पर्यटकांसमोर तरसांना हाताने मांस भरवण्याचा प्रसंग काढून टाकला. ती रीत 1960 च्या दशकातली, माझ्या काळात बसत नाही. रूपपालटाचं वर्णन अजून कच्चं आहे. हाडं मोडण्याचे आवाज नकोत एवढंच ठरलंय. सध्या हलीमा आधी ऐकू लागते, मग वास येतात, शरीर सगळ्यांत शेवटी बदलतं.

आता अडलेय ते एकविसाव्या प्रकरणात. हरारमध्ये आशुराला, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, तरसांना तुपाळ लापशी वाढतात. अर्ध्याहून जास्त खाल्ली तर वर्ष चांगलं. तोंडच लावलं नाही किंवा भांडं चाटूनपुसून संपवलं, तर दुष्काळाचं भय, आणि लोक दर्ग्यांवर दुवा मागायला जमतात. प्रथाही एका दुष्काळातच सुरू झाली असं तिथे सांगतात. माझी हलीमा त्या रात्री कळपाच्या पुढे आहे, म्हणजे पहिलं तोंड तिचंच. ती चार दिवसांची उपाशी आहे. समोर तिची सख्खी आई भांडं घेऊन उभी आहे, आणि पाऊस येणार नाही हे हलीमाला वासावरून कळलेलं आहे.

अर्धं खाऊन ती मागे फिरते असा एक खर्डा तयार आहे, सगळं संपवते असा दुसरा. दोन्ही जोडतेय. वाचून सांगा, तुमची हलीमा कुठे थांबली असती?