खंड बदलायचाय? आधी एक सही आणा (माझा आयटीसीचा अनुभव)

मी हँडबॉल खेळतो. युरोपातल्या एका सेकंड डिव्हिजन क्लबने पिव्होटच्या (समोरच्या डिफेन्समध्ये घुसून, गोलकडे पाठ करून खेळणाऱ्याच्या) जागेसाठी कॉन्ट्रॅक्ट पाठवलं आणि वडिलांनी अमळनेरला अर्ध्या गल्लीत पेढे वाटून टाकले. ट्रायल, मेडिकल, व्हिसा, यावर लिहिण्यासारखं काही नाही, झालं सगळं. अडलं ते आयटीसीपाशी.

आयटीसी म्हणजे इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. ते नसेल तर तुम्ही कितीही भारी खेळा, ऑफिशियल मॅच खेळता येत नाही. नवा क्लब त्याच्या फेडरेशनला सांगतो, ती आपल्या फेडरेशनकडे मागते, इथला जुना क्लब आणि इथल्या फेडरेशनचं ऑफिस मोकळं करतं, आणि आशियातून युरोपात जायचं म्हणून कागद स्वित्झर्लंडला, बासेलला आयएचएफकडेही (इंटरनॅशनल हँडबॉल फेडरेशन) जातो. बासेलची मला लय धास्ती होती. तिथे काहीच झालं नाही. अडकलो ते आपल्याच ऑफिसात, का तर म्हणे नाव जुळत नाही.

आता बघा, आपल्याकडे शाळेपासून आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. जिल्ह्याच्या टूर्नामेंटपासून माझं रजिस्ट्रेशन तसंच झालेलं, पासपोर्टवर आडनाव शेवटी. तेच तीन शब्द, जन्मतारीख तीच, फोटोही तोच, पण साहेब म्हणाले ही दोन माणसं असू शकतात. मेल करा म्हणाले, केला. मेल दिसत नाही, हार्ड कॉपी पाठवा, पाठवली. मग साहेब मीटिंगला, साहेब नॅशनलला, साहेब आले पण शिक्का ज्यांच्याकडे असतो ते सुट्टीवर. तिकडून कोचचे मेसेज, प्रीसीझनला कधी येतोय, आणि इकडे मी मे महिन्यात, दुपारी पारा 45 ला टेकतो म्हणून पहाटेच शाळेच्या मुरमाच्या ग्राउंडवर फक्कीने 6 मीटरची लाइन आखून एकटाच वळून वळून बॉल मारतोय, कारण 40 बाय 20 चं इनडोअर कोर्ट जवळपास नाही. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "तू आजून आठेच शे का रे भो?" (अजून इथेच आहेस का?) पेढे खाल्लेत ना, विचारणारच.

शेवटी वकिलाकडून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं इंग्लिशमधलं प्रतिज्ञापत्र नोटरी करून दिलं. ते पण टेबलावर पडून राहिलं. मग मी क्लबला सांगून त्यांच्या फेडरेशनकडून थेट रिमाइंडर मागवला, आणि परदेशी लेटरहेड दिसल्याबरोबर त्याच दिवशी सही! म्हणजे नाव जुळत नव्हतं वगैरे काही नव्हतं, कोणाला घाई नव्हती. मला अजून राग येतो.

म्हणून प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, आणि रिमाइंडर तिकडूनच मागवा, आपल्या फोनला कोणी विचारत नाही. हां, त्याच्याही आधी जुनं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते बघा, चालू असेल तर जुना क्लब सोडेलच असं नाही. आणि 16 ते 23 वयात ज्यांनी घडवलं ते क्लब नि फेडरेशन प्रो कॉन्ट्रॅक्ट झाल्यावर एज्युकेशन कॉम्पेन्सेशन मागू शकतात, ते नव्या क्लबने द्यायचं असतं, तुम्ही खिशात हात घालू नका.

कागदांशी संबंध नाही पण आठवलं म्हणून, तिकडे बॉलला रेझिन लावतात, चिकट एकदम. मुरमावर खेळलेल्या हातांना सुरुवातीला बॉल सुटतच नाही, जायच्या आधी कुठून तरी डबी मिळवून सवय करा. आणि आयटीसीची फी क्लब भरणार हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्या, माझ्यात होतं, तेवढं एक नशीब.