जबड्याचा सांधा, कानाचे दुखणे आणि टळलेली शस्त्रक्रिया

डावा कान दुखत असल्यामुळे मी सर्वप्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले आणि कानात कोणताही दोष नाही असे त्यांनी सांगितल्यावर दिलासा वाटण्याऐवजी माझी काळजी अधिकच वाढली. दुखणे सकाळी उठतानाच असे, शाळेतील शेवटची तासिका संपेपर्यंत कानशिलापर्यंत चढे आणि भाकरीचा घास चावताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होई. पुढे जांभई देतानाही तोंड पुरते उघडेनासे झाले. त्यानंतर ज्या दंतवैद्यांना दाखवले त्यांनी, माझे मागचे दात एकमेकांवर नीट बसत नसल्यामुळे हे घडत आहे, ते घासून समपातळीत आणावे लागतील आणि तेवढ्याने भागले नाही तर कानापुढच्या जबड्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे सांगितले. चांगले दात घासून टाकण्याची कल्पना मला पटेना, म्हणून मी शहरातील दंत महाविद्यालयाच्या मुखशल्यचिकित्सा विभागात दुसरे मत घेतले.

तेथील तपासणी साधी, पण अतिशय बारकाईची होती. डॉक्टरांनी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून मला तोंड उघडायला व मिटायला लावले, गालांचे व कानशिलांचे स्नायू दाबून पाहिले आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजले. ते 27 मिलिमीटर भरले. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. या सांध्यातील दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्यावर चढते आणि खटका ऐकू येतो, असे त्यांनी समजावले. एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसत होती. मुख्य दुखणे स्नायूंचे होते आणि ज्यांचे कामच शस्त्रक्रिया करण्याचे, त्याच डॉक्टरांनी मला शस्त्रक्रिया नको असे निक्षून सांगितले.

मग त्यांनी विचारले, “आत्ता या क्षणी तुमचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?” ते टेकलेलेच होते, किंबहुना घट्ट आवळलेले होते, आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कोणी विचारली नव्हती. ओठ मिटलेले, वरच्या व खालच्या दातांमध्ये किंचित फट आणि जीभ टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. दात एकमेकांना लागावेत ते चावताना आणि गिळताना. उत्तरपत्रिका तपासताना, दुचाकी चालवताना, फोडणी करपू नये म्हणून गॅससमोर उभी असतानासुद्धा माझे दात आवळलेले असत. त्यावर उपाय म्हणून मी लाल पेनावर, आरशावर, मोबाइलवर आणि मसाल्याच्या डब्यावर एकेक टिकली चिकटवली आणि टिकली दिसली की जबडा सैल सोडायचा असा नियम केला. सगळ्या उपचारांत सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी पडलेला भाग हाच होता.

बाकीचे उपचार त्याच्या जोडीने चालले. वेदनाशामक गोळ्या फक्त सुरुवातीचे काही दिवस होत्या. रात्री झोपण्यापूर्वी ओल्या गरम टॉवेलने दोन्ही गाल पंधरा-वीस मिनिटे शेकायचे, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, पालथे झोपायचे नाही. कडक भाकरी, चिक्की, ऊस आणि भाजलेले कणीस बंद झाले. आमटीत कुस्करलेली भाकरी, मेतकूट-भात आणि मुगाची खिचडी यांवर महिनाभर काढला. पहिल्या पंधरवड्यानंतर फिजिओथेरपिस्टनी व्यायाम शिकवले, तेही अगदी हलके. जीभ टाळूला टेकवून आरशासमोर तोंड सरळ रेषेत उघडायचे, हनुवटी एका बाजूला वळू लागली की थांबायचे, आणि दुखेपर्यंत कधीही ताणायचे नाही.

झोपेत दात आवळले जातात, म्हणून वरच्या दातांचे माप घेऊन कडक, पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी करून दिली. ती घालून मी रंगीत कागद चावत असे आणि जेथे ठसा जास्त उमटे तेथे डॉक्टर ती घासत. दात घासण्याऐवजी पट्टी घासणे किती शहाणपणाचे, हे मला तेव्हा कळले. पहिला आठवडा लाळ सुटून झोपमोड झाली.

पुढे या आजाराविषयी वाचताना समजले की 1934 मध्ये अमेरिकेतील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच जबड्याच्या सांध्याचा संबंध कानाच्या तक्रारींशी जोडला होता आणि त्याचे मूळ दातांच्या ठेवणीत मानले होते. कारणाविषयीचा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. तरीही दात घासून समपातळीत आणण्याचा सल्ला अजून दिला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण घासलेला दात परत येत नाही.

दर रविवारी मी तोंडाचे माप वहीत लिहीत होते. सहाव्या आठवड्यात 33, चौथ्या महिन्यात 38 आणि आठव्या महिन्यात 41 मिलिमीटर अशी त्यात नोंद आहे. मध्ये वार्षिक परीक्षेच्या काळात दुखणे दोन आठवडे पुन्हा वाढले, तेव्हा शेक आणि मऊ आहार परत सुरू केला. खटका अजूनही वाजतो. तो दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर त्यावर काही करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पट्टी मी अजून रात्री घालते आणि पेनावरची टिकली निघाली की नवी लावते.