हमीच्या करारांची वही : एका चुकलेल्या सामन्याची किंमत

या वहीचा मागचा टप्पा लिहिला तेव्हा तिच्यात एनबीएमधील, म्हणजे अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमधील, सव्वीस करार होते आणि प्रत्येक करारापुढे ‘हमी’ (संघाने काढले तरी खेळाडूला पैसे मिळणार का) नावाचा एकच रकाना होता, ज्यात मी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच भरत असे. आता करार एकेचाळीस झाले आहेत आणि तो रकाना मी गेल्या महिन्यात काढून टाकला. वही म्हणतो खरे, पण ती आता एक्सेलची फाइल आहे. सुरुवात दोनशे पानी वहीत झाली होती म्हणून नाव तेवढे राहिले. पहाटेचा सामना आणि ऑफिसची बस यांच्यामध्ये जो पाऊण तास मिळतो त्यात हे काम चालते, त्यामुळे वेग बेताचाच आहे.

‘एनबीएतले करार हमीचे असतात’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो आणि अमेरिकी फुटबॉलशी तुलना करताना ते सोयीचेही पडते. परंतु लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात अशी सरसकट हमी कुठेही दिलेली नाही. ती प्रत्येक खेळाडूच्या करारात स्वतंत्रपणे लिहिली जाते. कोणत्या वर्षाची किती रक्कम कोणत्या कारणापासून सुरक्षित आहे, हे ‘एक्झिबिट २’ या जोडपत्रात नमूद असते : खेळ घसरणे, दुखापत, आजार, मानसिक असमर्थता, मृत्यू. यांपैकी संरक्षित कारणासाठी संघाने खेळाडूला काढले तरी पैसे मोजावेच लागतात. वर्तन या यादीत नाही. त्याचा विषय प्रमाण कराराच्या दुसऱ्याच कलमात येतो. चांगले नागरिकत्व, नैतिक चारित्र्य आणि खिलाडूवृत्ती यांच्या कसोटीला खेळाडू उतरला नाही तर संघ करार संपवू शकतो, असे ते कलम सांगते. कागदावर तरी संघाच्या हातात तलवार आहे. ती उपसल्यावर काय होते हे पाहण्यासाठी वहीची पहिली ओळ लॅट्रेल स्प्रीवेलला दिली आहे.

१ डिसेंबर १९९७ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या सरावात स्प्रीवेलने प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांचा गळा आवळला. संघाने दोनच दिवसांत त्याचा चार वर्षांचा ३ कोटी २० लाख डॉलरांचा करार रद्द केला आणि लीगने वर्षभराची बंदी घातली. प्रकरण लवादापुढे गेले. मार्च १९९८ मध्ये लवाद जॉन फीरिक यांनी बंदी त्या हंगामापुरती, म्हणजे ६८ सामन्यांची केली आणि कराराचा उरलेला भाग जिवंत ठेवला. स्प्रीवेलचे ६४ लाख डॉलर गेले. बाकीची रक्कम सुरक्षित राहिली. पुढच्याच हंगामाअखेर तो न्यूयॉर्क निक्सकडून अंतिम फेरीत खेळत होता. प्रशिक्षकाचा गळा धरूनही करार तुटत नसेल तर तो कशाने तुटेल, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक संघाच्या वकिलापुढे उभा आहे. गिल्बर्ट अरिनासने डिसेंबर २००९ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये बंदुका आणल्या आणि लीगने त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केले, तेव्हाही वॉशिंग्टनने त्याचा ११ कोटी १० लाखांचा करार तोडला नाही. वर्षभराने त्याला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, ऑर्लँडोला पाठवले.

तलवार म्यानातच राहते म्हटल्यावर संघाच्या हातात उरते ती वेतनातली कपात. या टप्प्यातील बहुतेक वेळ तिच्या हिशेबात गेला, आणि त्यात मी सपशेल फसलो, हे आधीच सांगून टाकतो.

कपातीची पहिली ओळ बेन सिमन्सची. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याने फिलाडेल्फियासाठी पुन्हा खेळण्यास नकार दिला आणि संघ प्रत्येक चुकलेल्या सामन्याचे पैसे कापू लागला. त्याचे त्या हंगामाचे वेतन ३,३०,०३,९३६ डॉलर होते. हंगामात ८२ सामने, म्हणून मी सरळ ८२ ने भागले आणि उत्तर आले ४,०२,४८७. बातम्यांमध्ये मात्र आकडा होता सुमारे ३ लाख ६० हजार. दोन सकाळी मी वेतनाचा आकडाच चुकला असावा असे धरून तो तपासत बसलो. चूक भाजकात होती. विनाकारण गैरहजर राहणाऱ्या खेळाडूच्या वेतनातून प्रत्येक सामन्यामागे १/९१.६ भाग कापावा असे सामूहिक करार सांगतो, कारण त्यात हंगामपूर्व सामन्यांचाही वाटा धरलेला असतो. ९१.६ ने भागले की ३,६०,३०५ येतात आणि हिशेब जुळतो.

आता दुसरी ओळ. डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेमंड ग्रीनने फिनिक्सच्या युसुफ नुर्किचच्या तोंडावर हात मारला. लीगने त्याला बेमुदत निलंबित केले आणि ते निलंबन बारा सामन्यांवर थांबले. त्याचे वेतन २,२३,२१,४२९ डॉलर. शहाणा झालो होतो म्हणून ९१.६ ने भागले, आणि पुन्हा चुकलो. वीसपेक्षा कमी सामन्यांच्या निलंबनासाठी भाजक १४५ आहे. एका सामन्याचे १,५३,९४१ डॉलर, बारा सामन्यांचे १८ लाख ४७ हजार. ९१.६ चा भाजक लावला असता तर एकेका सामन्याला त्याला सुमारे २ लाख ४३ हजार मोजावे लागले असते. निलंबन वीस किंवा त्याहून अधिक सामन्यांचे असेल तर भाजक ११० होतो. जा मोरँटला २०२३ मध्ये पंचवीस सामन्यांचे निलंबन झाले ते या गटात मोडते.

तिसरी ओळ जॉन वॉलची. २०२१-२२ च्या हंगामात ह्यूस्टनला तरुण संघ घडवायचा होता आणि वॉलला राखीव म्हणून बाकावर बसायचे नव्हते, तेव्हा दोघांनी मिळून ठरवले की त्याने खेळूच नये. तो एकही सामना खेळला नाही. त्याचे वेतन होते ४,४३,१०,८४० डॉलर आणि त्यातील एकही डॉलर कापला गेला नाही. हाच नकार त्याने एकट्याने दिला असता तर सिमन्सच्या हिशेबाने सामन्यामागे सुमारे ४ लाख ८३ हजार गेले असते.

या तीन ओळी एकाखाली एक ठेवल्या तेव्हा ‘हमी : होय’ या उत्तराला काही अर्थ उरला नाही. तिघांचेही करार हमीचे, तिघेही मैदानाबाहेर, आणि चुकलेल्या सामन्याची किंमत तीन प्रकारची. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हात मारणाऱ्याला वेतनाचा १४५ वा भाग, कामावर न येणाऱ्याला ९१.६ वा, आणि संघाशी बोलून घरी बसणाऱ्याला काहीच नाही. वरवर पाहता हे उफराटे वाटते, मलाही वाटले. पण सामूहिक करार हा शेवटी मालक आणि कामगार यांच्यातील कागद आहे, आणि संप करणारा कामगार मालकाला मारामारी करणाऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटत असला पाहिजे, असे माझे मत झाले आहे. ग्रीनचे बारा सामने ही शिस्तीची बाब आहे. सिमन्सचा नकार थेट कराराच्या मुळावर येतो, कारण हमी मिळालेला खेळाडू कामच नाकारू लागला तर संघापाशी दुसरे हत्यार नाही.

सिमन्सच्या ओळीत एक जागा मात्र कोरी आहे. त्याने पुढे मानसिक आरोग्याचे कारण दिले आणि कापलेल्या सुमारे दोन कोटी डॉलरांसाठी दाद मागितली. मानसिक असमर्थता हे एक्झिबिट २ मधील कारण आहे, तेव्हा गैरहजेरी आणि आजार यांच्यामधली रेघ लवादाला नेमकी आखावी लागली असती. ऑगस्ट २०२२ मध्ये तडजोड झाली, रक्कम जाहीर झाली नाही आणि रेघ आखायची राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी त्याला सरावातून बाहेर काढले ते बचावाच्या एका सरावप्रकारात उतरायला तो तयार नव्हता म्हणून की मनाने खचला होता म्हणून, याचा निवाडा पहाटे टीव्हीसमोर बसून आपण करू नये असे मला वाटते. तेवढा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे.

दुसरी अडचण अशा वर्तनाची, ज्यात सामनाच चुकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच ग्रीनने सरावात आपल्याच संघातील जॉर्डन पूलला ठोसा मारला. संघाने दंड केला, काही दिवस तो संघापासून दूर राहिला, आणि हंगाम सुरू झाला तेव्हा मैदानात होता. वहीच्या भाषेत चुकलेले सामने शून्य. त्याच महिन्यात पूलला चार वर्षांचा, १४ कोटी डॉलरांपर्यंत जाणारा नवा करार मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात संघाने त्याला वॉशिंग्टनकडे पाठवले आणि ग्रीनशी चार वर्षांचा १० कोटींचा नवा करार केला. ज्याने मार खाल्ला तो गेला आणि ज्याने मारला तो राहिला. याला पूलचा घसरलेला खेळ आणि लक्झरी टॅक्सचा (वेतनखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला भरावा लागणारा कर) बोजा हीही कारणे होती, म्हणून केवळ ठोशाच्या नावावर ही नोंद करता येत नाही. पण ती वगळावी असेही मन म्हणत नाही.

हमी मिळाली की खेळाडू सैलावतो, हा आपल्या गप्पांमधील आवडता सिद्धान्त तपासण्यासाठी एरिक डँपियरला घेतले. २००३-०४ मध्ये, करारातून मोकळा होण्याआधीच्या हंगामात, त्याने सामन्यामागे १२.३ गुण आणि १२ रिबाउंड मिळवले. डॅलसने त्याला सात वर्षांचे सुमारे ७ कोटी ३० लाख दिले. पुढच्याच हंगामात आकडे ९.२ आणि ८.५ वर आले. सिद्धान्ताला याहून गोंडस उदाहरण मिळणार नाही, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवायला कचरतो : डॅलसमध्ये डर्क नोवित्स्कीभोवती खेळ फिरत असताना डँपियरच्या वाट्याला चेंडू आणि मिनिटे कमी येणारच होती. मला त्या कराराचे सातवे वर्ष अधिक रंजक वाटते. ते सुमारे १ कोटी ३० लाखांचे होते आणि त्याला हमी नव्हती. असा करार ट्रेडच्या बाजारात सोन्यासारखा, कारण घेणारा संघ खेळाडूला लगेच सोडून सगळा खर्च वाचवू शकतो. जुलै २०१० मध्ये डॅलसने तो शार्लटला देऊन टायसन चँडलर आणला, शार्लटने डँपियरला सोडले, आणि जून २०११ मध्ये चँडलरच्या बचावावर डॅलस विजेता झाला. त्या अंतिम फेरीत हरलेल्या मायामीच्या चमूत डँपियर होता. सहा वर्षांच्या हमीने जे मिळाले नाही ते हमी नसलेल्या एका वर्षाने मिळवून दिले.

हाच धडा आता करार लिहितानाच गिरवला जातो. झायन विल्यमसनने २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सशी केलेल्या पाच वर्षांच्या करारात पौंडांतले वजन आणि शरीरातील चरबीचे टक्के यांची बेरीज २९५ च्या खाली ठेवण्याची अट असल्याचे वृत्त होते. सामने मोठ्या संख्येने चुकल्यामुळे शेवटच्या तीन वर्षांची हमी गेली आणि ती खेळलेल्या सामन्यांवर व वजनमापांवर टप्प्याटप्प्याने परत मिळवायची, अशी रचना झाली. या एका करारासाठी मला वहीत सहा नवे रकाने घालावे लागले आहेत.

स्ट्रेचच्या, म्हणजे सोडलेल्या खेळाडूचे पैसे लांबवून देण्याच्या, नोंदी या वेळी थोडक्यात उरकल्या. करार सोडून उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत वाटता येते. डेट्रॉइटने डिसेंबर २०१४ मध्ये जॉश स्मिथला असे सोडले आणि २०१९-२० पर्यंत दरवर्षी पन्नास लाखांहून अधिक डॉलर त्याच्या नावावर पडत राहिले. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला याच वाटेने मोकळे केले, पण त्याचे कारण दुखापत होती, त्यामुळे ती ओळ वेगळ्या रंगात आहे.

सध्या अडलो आहे ते सिॲटलपाशी. १९९६ च्या उन्हाळ्यात, अंतिम फेरी खेळून आलेल्या या संघाने जिम मॅकइल्वेनला सात वर्षांचे ३ कोटी ३६ लाख दिले. आदल्या हंगामात त्याची सरासरी २.३ गुण होती. संघाचा खरा आधार असलेल्या शॉन केंपचा जुना करार त्याच्या तुलनेत तोकडा ठरला आणि नियमांमुळे तो लगेच वाढवताही येत नव्हता. केंपने त्या वर्षी सराव शिबिराकडे पाठ फिरवली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये तीन संघांच्या ट्रेडमध्ये तो क्लीव्हलँडला गेला. त्याच्या बदल्यात सिॲटलला विन बेकर मिळाला, ज्याला पुढे सात वर्षांचे ८ कोटी ६० लाख दिले गेले. बॉस्टनमध्ये पोहोचेपर्यंत बेकर दारूच्या व्यसनात खोल गेला होता. फेब्रुवारी २००४ मध्ये त्या संघाने त्याचा करार रद्द केला, खेळाडू संघटनेने दाद मागितली आणि तडजोड झाली. बेकर पुढे त्यातून बाहेर आला आणि मिलवॉकीचा सहायक प्रशिक्षक झाला, ही या साखळीतील एकमेव चांगली बातमी. केंपने चुकवलेल्या शिबिराची किंमत त्याच्या ओळीत मांडावी की मॅकइल्वेनच्या, हे अजून ठरलेले नाही. तूर्त दोन्ही ओळींना पिवळा रंग देऊन फाइल बंद केली आहे.